लाल पेन्सिलीच्या खुणा

४ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे पत्र फोडलंस, असं धरून चालते. फोनची सोय तू ठेवलेली नाहीस. तुझा नंबर लावला की एक बाई सांगते, ही व्यक्ती सध्या उपलब्ध नाही. नऊ वर्षं तीच बाई आणि तोच गोड आवाज. आता तीच माझी धाकटी बहीण असावी असं वाटायला लागलंय. रविवारी तुझा आईला फोन येतो तेव्हा मी स्वयंपाकघरात भांडी घासत असते, आणि घासून झाली तरी घासत राहते. हे तुला माहीत असावं म्हणून सांगितलं, बाकी काही नाही.

काम असं आहे. घर सोडताना तू एक कागद बरोबर नेलास. आपल्या तिघींचे सावलीचे फोटो असलेला, आई, तू आणि मी, तिघी एका बाजूने. माझी टचिंगआधीची, काहीही पुसण्याआधीची कच्ची प्रत, लाल पेन्सिलीच्या खुणांसकट. तो कागद मला हवा आहे. कायमचा नको, पंधरा दिवस पुरे. नीट जपून परत पाठवीन.

कशाला, तर मी अल्बम करते आहे. स्टुडिओ गेल्या वर्षी बंद झाला, आईने सांगितलं असेलच. मालक म्हणाले, आता लोक फोनमध्येच स्वतःला गोरं करून घेतात, आपल्याकडे कोण येणार? एकतीस वर्षं मी तिथे दुसऱ्यांच्या तोंडावरचे तीळ, पुळ्या आणि डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसली. आता घरी बसून सावलीचे फोटो काढते, कारण त्यात पुसण्यासारखं काही उरतच नाही. कडा तेवढी दिसते, आत सगळा काळोख.

आपल्या पुढच्या खोलीची ती मोठी खिडकी तुला आठवत असेल. पडदे काढायचे आणि धुऊन धुऊन विरलेली पांढरी चादर कपड्यांच्या चिमट्यांनी खिडकीवर ताणून लावायची. दहा-साडेदहाला ऊन समोरच्या इमारतीआड असतं, पण आभाळ उजळलेलं असतं, तेव्हा चादर सगळीकडून सारखी उजळते. खोलीतले दिवे बंद, दार बंद. स्टूल खिडकीपासून दोन हातांवर. माणूस आडवा बसवायचा, कॅमेऱ्याला उजेड चादरीचा दाखवायचा, चेहऱ्याचा नाही. मग चादर पांढरीशुभ्र येते आणि माणूस काळाकुट्ट. ओठ मिटलेले असले तर तोंडाचा आकार जातो, म्हणून त्यांना सांगायचं, 'ओ' म्हणता म्हणता थांबा. परवा शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर बसले. पोट आत ओढून, श्वास कोंडून, लालबुंद होऊन. मी म्हटलं, काका, फोटो गळ्यापर्यंतच आहे, सोडा आता. तर म्हणाले, सवय आहे हो.

गेल्या महिन्यात आईसुद्धा बसली. तिचा फोटो चांगला आला. त्याच्या जोडीला जुना लावायचा आहे, म्हणून तो कागद.

वीस तारखेच्या आत मिळाला तर बरं. अल्बमला कसली आली तारीख, असं तू म्हणशील. आहे एक तारीख.

आई ठीक आहे.

तुझी,
ताई


१२ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

पोचपावती परत आली. त्यावर तुझी सही आहे, म्हणजे पत्र पोचलं. कागद आलेला नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही पाठवला नसता. नऊ वर्षं तोंड न दाखवणारी बहीण एक दिवस उठून अल्बमच्या गोष्टी सांगते, तिच्यावर कोण विश्वास ठेवील?

अल्बम वगैरे काही नाही. आईने मला शपथ घातली होती की तुला कळवायचं नाही. तिचं म्हणणं, ती पोर इतक्या लांब, उगाच जिवाला घोर. ती शपथ मी आता मोडते आहे. आईला कळेल तेव्हा माझं जे व्हायचं ते होईल.

झालं असं. आई गेली पाच-सहा वर्षं कोणाला फोटो काढू देत नाही. सुरकुत्या दिसतात म्हणते. सावलीच्या फोटोत सुरकुत्या दिसत नाहीत हे कळल्यावर मात्र लगेच तयार झाली. विंचरून, बटा पाण्याने चापून बसवून स्टुलावर येऊन बसली. गळ्यात तो करड्या रंगाचा मफलर होता. तिचा घसा धरतो म्हणून बाराही महिने असतो तो. मी म्हटलं, आई, मफलर काढ, मान दिसत नाही, शेजारच्या काकांसारखी दिसतेस. ती हसली आणि मफलर काढला.

फोटो मी संध्याकाळी मोठा करून पाहिला. कपाळ, नाक, हनुवटी, सगळं सुरेख. हनुवटीखाली गळ्याची रेघ मात्र सरळ खाली यायच्या जागी मध्येच बाहेर आली होती. लहान बोरासारखी. आणि धाकटे, मी काय केलं माहीत आहे? माझं बोट आपोआप ती रेघ सरळ करायला गेलं. एकतीस वर्षांची सवय. बटण दाबायच्या आधी थांबले ते केवळ आई मागून म्हणाली, काय गं, कुठे बिघडलंय का? म्हणून. मी तिला पाणी दिलं आणि घोट घे म्हटलं. घोटाबरोबर ते बोर वर गेलं आणि खाली आलं.

डॉक्टरबाईंना दाखवलं. त्यांनी सुई घालून तपासणी केली, पण नीट काही हाती लागलं नाही, पेशी पुरेशा आल्या नाहीत म्हणाल्या. मग त्यांनी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला. हे कधीपासून आहे? आई म्हणते, मला काय माहीत, मी माझा गळा कधी बघते? मी म्हणते, मला दिसलं नाही. आता गाठ नवी असेल आणि वाढत असेल, तर थांबता येणार नाही, लगेच ऑपरेशन. आणि आईच्या हृदयाचं तुला ठाऊक आहे. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी तिचे कागद पाहिले आणि भूल देणं जोखमीचं आहे असं सांगितलं. गाठ जुनी असेल आणि होती तेवढीच असेल, तर पुन्हा एकदा शांतपणे सुई घालून बघता येईल. ऑपरेशन टळूही शकेल. डॉक्टरबाई म्हणाल्या, जुने फोटो असतील ना घरात? तुम्ही तर फोटोवाल्याच. घेऊन या वीस तारखेला.

घरात फोटोंनी भरलेली दोन कपाटं आहेत. मी सगळी उपसली. आईचे समोरून काढलेले आहेत, मफलर घालून काढलेले आहेत. बाजूने काढलेले जे तीन-चार आहेत ते सगळे माझ्या हातून गेलेले. सगळ्यांत आईचा गळा गुळगुळीत. स्टुडिओत टचिंगला आम्ही 'साफ करणं' म्हणायचो, आणि साफ झाल्यावर मूळ फोटो मी त्याच दिवशी पुसून टाकायची, चुकून गिऱ्हाईकाच्या हाती जायला नको म्हणून. या शिस्तीचं मालक सगळ्यांना कौतुकाने सांगायचे. त्या शिस्तीपायी आईचा एकही खरा फोटो घरात उरलेला नाही. एकच उरलाय, तो तुझ्याकडे आहे.

आता त्या दिवसाबद्दल लिहिणं भाग आहे. मी त्या रविवारी तिघींचे फोटो काढले, तू नोकरीला लांब निघाली होतीस म्हणून. सोमवारी स्टुडिओत कच्ची प्रत काढली, लाल पेन्सिलीने खुणा केल्या आणि साफ करून दुसरी प्रत काढली. दोन्ही घरी आणल्या. साफ केलेली तुझ्या हातात दिली. तू ती बघितलीस, मग माझ्या पिशवीतली कच्ची काढलीस. तुझ्या नाकावरच्या उंचवट्याला मी लाल गोल केला होता. तू अगदी शांतपणे विचारलंस, "बाबांचं नाक खोडलंस?" आणि मी, मूर्ख, म्हणाले की साफ केलेलं बरं दिसतं. तू म्हणालीस, "मग मलाच इथून साफ कर."

बाबांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्यांचं नाक तुला मिळालं, मला नाही. मला आईचं चपटं मिळालं. ते नाक तुझ्या तोंडावर बघताना मला बरं वाटायचं आणि आतून काहीतरी टोचायचंही. आता लिहून टाकलं, काय व्हायचं ते होवो.

साफ केलेला फोटो अजून पुढच्या खोलीत टांगलेला आहे. रविवारी तुझा फोन झाला की आई त्याच्यासमोर जाऊन म्हणते, ही मधली बाई कोण गं? दर रविवारी. मी म्हणते, पुरे झालं आई. ती म्हणते, नाही, खरंच विचारते.

कागद पाठव. फाडला असशील तर तसं कळव, म्हणजे मी वाट बघणं सोडीन.

ताई


१९ फेब्रुवारी

धाकटे,

आज सकाळी तुझं पाकीट आलं. त्याआधी परवा तुझा आईला फोन आला, भलत्याच वारी. तू तिला काय विचारलंस ते मला माहीत नाही, पण फोन ठेवल्यावर तिने मला 'फितूर' अशी हाक मारली आणि जेवेपर्यंत दुसरी हाक मारली नाही. माझ्या डोक्यावरचं ओझं मात्र उतरलं. निदान आता घोर दोघींच्या वाटणीचा झाला.

पाकीट मी उभ्या उभ्या फोडलं. मला वाटलं होतं कागद घडी घालून, चुरगळून कुठल्यातरी ट्रंकेच्या तळाशी पडलेला असेल. त्याच्या चारही कोपऱ्यांना टाचणीची भोकं आहेत. एका कोपऱ्याला तर तीन-तीन, म्हणजे घर बदलल्यावरही तू तो पुन्हा लावलास. डावीकडची कड पिवळी पडली आहे, तिकडून ऊन येत असणार. नऊ वर्षं मी तुझ्या भिंतीवर होते आणि मला पत्ताच नाही.

सोबत तुझी चिठ्ठी. "परत हवाय. आईच्या गळ्याकडे बघ, खूण तुझीच आहे." एवढंच. बरोबर आहे, तू आधीपासूनच शब्दांची काटकसर करणारी.

मी बघितलं. तुझ्या नाकावर लाल गोल आहे. आईच्या गळ्यावरही आहे. लहान, नीटस, माझ्या हातचा. बाजूला माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'साफ'. आत तेच बोर. मी ते नऊ वर्षांपूर्वी पाहिलं होतं. पाहिलं, त्याभोवती पेन्सिल फिरवली, पुसलं, आणि विसरले. ती माझी आई आहे. तिच्या जागी एखादं गिऱ्हाईक असतं तरी मी एवढंच केलं असतं. आठवतच नाही मला, हे सगळ्यात वाईट. किती वेळ मी तो कागद घेऊन जिन्यात बसले होते कोण जाणे. पोस्टमास्तर काका वर जाताना थांबले, मग पोट आत ओढून माझ्या बाजूने गेले.

आणखी एक दिसलं. तुझ्या नाकावर खूण, आईच्या गळ्यावर खूण, माझ्यावर एकही नाही. तू हे तेव्हाच पाहिलं असशील. माझी दुहेरी हनुवटी फोटोत आलीच नाही, कारण मला युक्ती ठाऊक होती. मी मान उंच करून बसले होते.

उद्या वीस. कागद प्लास्टिकच्या पाकिटात घातला आहे. आई म्हणते, एवढं काय जपतेस, त्यात सगळ्या काळ्याच तर आहेत.

ताई


२० फेब्रुवारी, संध्याकाळ

धाकटे,

आधी बातमी सांगते, मग बाकीचं. ऑपरेशन सध्या नाही.

डॉक्टरबाईंनी तुझा कागद आणि माझा नवा फोटो शेजारी शेजारी ठेवले. खिडकी तीच, स्टूल तेच, आई तीच. त्यांनी पट्टी मागवली. हनुवटीपासून कपाळापर्यंत मोजलं, गाठ मोजली, दोन्हीकडे. मी श्वास धरून बसले होते, शेजारच्या काकांसारखी. आई मात्र भिंतीवरच्या हाडांच्या चित्राकडे बघत होती, जणू काही हे कोणा दुसऱ्याचंच चाललंय.

मग त्यांनी लाल गोलावर बोट ठेवलं आणि विचारलं, "ही खूण कोणी केली?"

मी म्हटलं, "मी."

"म्हणजे नऊ वर्षांपूर्वी तुम्ही पाहिलं होतं?"

"पाहिलं नव्हतं," मी म्हटलं. "खूण केली होती."

त्यांना कळलं की नाही देव जाणे, पण त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, फोटो म्हणजे काही तपासणी नव्हे. पण माप दोन्हीकडे सारखंच येतंय, आणि नऊ वर्षांत गाठ होती तेवढीच राहिली असेल तर घाई करायचं कारण नाही. ही खूण तुम्ही केली नसती तर मी म्हटलं असतं की कागदावर डाग असेल, छपाईचा दोष असेल. लाल खूण म्हणजे तेव्हाही कोणाच्या तरी डोळ्याला गाठ दिसली होती. आणि त्यांनी तिथल्या तिथे पुन्हा सुई घातली, या वेळी यंत्रावर बघत बघत. आईने माझा हात इतका दाबला की अंगठीचा वळ उठला.

निकाल आठवड्याने. अजून काही संपलेलं नाही, मला माहीत आहे. पण आज भूल नाही, तारीख नाही, सही करायचे कागद नाहीत. घरी येताना आई म्हणाली, तुझ्या त्या वाईट सवयीने एकदा तरी काहीतरी केलं. मी हसले. खूप दिवसांनी, पोटातून.

ताई


२८ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

काल फोनवर आपण दोघी काहीच बोललो नाही, म्हणून लिहिते. आईने फोन माझ्या हातात कोंबला, तू म्हणालीस, "ताई", मी म्हटलं, "हं", आणि मग दोघींकडून नुसती नाकं ओढल्याचा आवाज. तुझं नाक आवाजावरूनही ओळखू येतं, खरं सांगते. आई शेजारी बसून म्हणत होती, झालं का बोलून, मला अजून सांगायचंय.

तिने तुला सांगितलं ते तिच्या पद्धतीने. आता माझ्याकडून ऐक. आम्ही दहा वाजता गेलो. डॉक्टरबाईंनी पाकीट उघडलं, वाचलं, आणि चष्मा काढून म्हणाल्या, "साफ आहे." दुसरा कुठलाही शब्द चालला असता गं. चांगलं आहे, काळजी नाही, काहीही. मी तिथेच रडायला लागले. त्यांना वाटलं मला उलटं ऐकू आलं, म्हणून त्यांनी पुन्हा सांगितलं, अहो, साफ आहे, साधी गाठ आहे, वर्षाने एकदा दाखवा, बस. आई त्यांना म्हणाली, तिला दोनदा सांगू नका, तिला तो शब्द चांगला माहीत आहे.

बाहेर आलो तर रस्त्यावर ऊन पडलं होतं. आईने मफलर काढून पिशवीत टाकला. म्हणाली, आता दिसू दे, सरकारमान्य आहे. महिनाभर माझ्या छातीवर बसलेलं काहीतरी तिथेच उतरलं. बसस्टॉपवरच्या बाकावर आम्ही दोघी उगाचच बसून राहिलो, दोन बस सोडल्या. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, तू नऊ वर्षांपूर्वी सांगितलं असतंस तर मी नऊ वर्षं घाबरून काढली असती. मी म्हटलं, हे काही मला माफ करण्याचं कारण नव्हे. ती म्हणाली, मी कुठे माफ केलंय, मी नुसतं हिशेबात धरलंय. मग तिने तुझं नाव काढलं. म्हणाली, तिची माफी मात्र तुझी तुलाच मागावी लागेल, त्यात मी पडायची नाही.

तेव्हा मागते. तुझं नाक मी खोडलं, कारण ते बाबांचं होतं आणि मला मिळालं नव्हतं, आणि एवढं साधं कारण मी नऊ वर्षं 'बरं दिसतं' या दोन शब्दांखाली दडवलं. चूक माझी. तुझा राग नाकावर होता हे खरं, पण जागा अगदी योग्य होती.

घरी आल्यावर पुढच्या खोलीतली ती मधली अनोळखी बाई मी खाली उतरवली. तिथे खिळा मोकळा आहे. आईने भिंतीवरच्या त्या पांढऱ्या चौकोनाकडे बघून एवढंच विचारलं, गेली का एकदाची?

तुझा कागद या पत्रासोबत परत पाठवते आहे, जसा आला तसा. टाचणीची नवी भोकं मी पाडलेली नाहीत. फक्त एक बदल केला आहे, त्यासाठी तुझी परवानगी विचारली नाही. उजवीकडे, माझ्या हनुवटीखाली, जिथे मान उंच करून मी लपवलं होतं, तिथे लाल पेन्सिलीने एक गोल केला आहे. आता तिघींवर एकेक आहे. बाजूला काही लिहिलेलं नाही.

खिडकीवरची चादर मी काढलेली नाही. स्टूल दोन हातांवर ठेवलंय. आई रोज साडेदहाला तिथे जाऊन उजेड कसा आहे ते बघते आणि मला येऊन सांगते, जणू मला दिसतच नाही. तुला सुट्टी कधी मिळेल ते कळव. तिघींचे नवे काढू, आणि या वेळी पेन्सिल आईच्या हातात राहील.

ये. नाकासकट ये.

तुझी,
ताई